जर्मन की चेक

मामा गेल्यावर मामीने त्याच्या दोन्ही रायफली ओटीवर काढून ठेवल्या. "एक जर्मन, एक चेक. हवी ती नावावर करून घे, दुसरी पोलीस ठाण्यात जमा कर."

फडकं सोडताच बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि पाली गावामागच्या रानातली ती दुपार आठवली. मी मुंबईहून आलो होतो, आम्ही चोरून शिकारीला गेलो होतो. गव्यावर मामाने जर्मन झाडली, मी चेक. गवा तापल्या कातळावर कोसळला, पण मेला नाही. नाकातून रक्ताचे फुगे येत होते.

"माझीच लागली!" मामा म्हणाला.

"हट्! चेकचा बोल्ट बघ, लोण्यासारखा सरकतो."

हाकाऱ्याला आलेला सोनूदादा ओरडला, "मेल्यांनो, जिता हाय तो! आधी सोडवा त्याला!"

"थांब, तिसरी गोळी घातली तर कुणाची लागली ते कळणार कसं?"

हे मामा नाही बोलला. मी बोललो. आणि गवा धापा टाकत असताना आम्ही तसेच भांडत राहिलो.

"दोन्ही जमा करतो," मी मामीला म्हणालो.

"बरं. पण त्यातली चांगली कुठली रे?" तिने सहज विचारलं.

मी तिच्यावर एवढ्या मोठ्याने ओरडलो, की ती बिचारी दाराआड झाली.