डोरीनने हात वर केला होता

शनिवारी दुपारी मैदानावर नवी कॅरव्हॅन शिरली की आधीच येऊन बसलेली मंडळी काय करतात? आपापल्या घडीच्या खुर्च्या जरा तिकडे वळवतात, चहाचे मग भरून घेतात आणि फुकटचा तमाशा बघत बसतात. मोटारीमागचं ते चाकांवरच्या घराचं पांढरं धूड उलटं नेऊन नेमक्या जागेत बसवायचं म्हणजे भल्याभल्यांची भंबेरी उडते. नवरा गाडीत, बायको मागे उभी. "डावीकडे घे!" "कुणाच्या डावीकडे?" "माझ्या!" "मग तसं सांग ना बये!" दारं आपटतात, आणि त्या संध्याकाळी एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं दोन खिडक्यांतून बाहेर बघत जेवतात.

डोरीन आणि क्लिफर्ड ॲशवर्थ आले की मात्र तमाशा नसायचा. डोरीन खाली उतरायची, भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे चढवायची आणि मागे जाऊन उभी राहायची. डावा हात, उजवा हात, आणि शेवटी उजवा तळवा सरळ वर. म्हणजे थांब. क्लिफर्ड आरशात बघायचा आणि थांबायचा. एकतीस वर्षांत एक शब्द नाही. एकदा नॉरफकमध्ये तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा डोरीनने पिवळ्या हातांनी वाकून मुजरा केला होता.

हातमोज्यांची कल्पना क्लिफर्डची. पहिली कॅरव्हॅन त्यांनी सत्त्याऐंशी साली घेतली. दोन मालक बघून आलेली, छतातून गळणारी. वेल्सच्या पावसात तिचे हात त्याला आरशात दिसेनात, तेव्हा तो ओरडला, "अगं, ते भांड्यांचे मोजे घाल!" क्लिफर्डने चौतीस वर्षं रॉचडेलमध्ये बस चालवली. डोरीनने जवळजवळ तितकीच वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, रोज चारशे पोरांना कस्टर्ड वाढत. तिला जगात दोनच गोष्टींचा गर्व होता. एक, तिच्या कस्टर्डमध्ये कधी गुठळी झाली नाही. आणि दुसरं, अख्ख्या गावाला घेऊन फिरलेला माणूस तिच्या तळव्यावर थांबतो. हे दुसरं ती कुणाला बोलून दाखवायची नाही, पण मोजे काढताना तिचा चेहरा बघितला की कळायचं.

कामं वाटलेली होती. आतलं सगळं तिचं, बाहेरचं सगळं त्याचं. पाण्याचं पिंप गडगडवत नळावर न्यायचं, गॅसच्या टाक्या बदलायच्या, सकाळी संडासाची पेटी रिकामी करून आणायची, हे त्याचं. त्या पेटीच्या वाटेवर पुरुषांच्या गप्पा इतक्या रंगायच्या की पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायचा. डोरीनने तोवर बेकन तळून, पावात भरून, फडक्याखाली झाकून ठेवलेलं असायचं. दोघं निवृत्त झाल्यापासून मार्च ते ऑक्टोबर असंच चालायचं. रॉचडेलचं घर म्हणजे कपडे धुण्यापुरतं.

त्या वर्षी मार्चमध्ये पहिल्याच फेरीला क्लिफर्ड म्हणाला, "डो, पूर्वी तू पाट्या वाचायचीस, आठवतं? गावांची नावं मोठ्याने?"

"तेव्हा आपण तरुण होतो. तेव्हा मी काहीही करायचे."

"वाच ना परत. तुझ्या तोंडून ऐकलं की गाव बघितल्यासारखं वाटतं."

एकोणसत्तर वर्षांची डोरीन चक्क लाजली. नवऱ्याने असलं काही म्हणून किती वर्षं झाली होती देव जाणे. ती वाचू लागली. मच वेनलॉक. होप बाउडलर. क्रेव्हन आर्म्स. तो म्हणाला, गावंच कशाला, सगळंच वाच. मग ती वेगाचे आकडेसुद्धा वाचू लागली, पुढे वळण आहे, पुढे अरुंद पूल आहे, हेही. मधूनच तो तिच्या गुडघ्यावर थाप मारायचा. ईस्टरला नात बरोबर होती, ती मागच्या सीटवरून म्हणाली, "आजी, तू रेडिओ झालीयेस." डोरीनला वाटलं, म्हातारपणी हे सुख मिळायचं होतं तर. तिने लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा, "तुझे बाबा पुन्हा प्रेमात पडलेत."

जूनमध्ये ते लडलोजवळच्या एका शेतावर गेले. पाच कॅरव्हॅनपुरती जागा, सफरचंदाची झाडं, कोपऱ्यात मेंढ्यांना पाणी पाजायची दगडी डोणी. दरवर्षी दोनदा तिथे जायचेच. शेजारी वेल्सचं जोडपं होतं, ग्लेनिस आणि ट्रेव्हर. ॲशवर्थ आलेले बघून ग्लेनिसने खुर्ची वळवली आणि नवऱ्याला म्हणाली, "बघ, जरा शिकून घे."

डोरीन मोजे घालून मागे उभी राहिली. डावा हात. उजवा हात. तळवा वर. गाडी थांबली नाही. तिने दोन्ही तळवे वर केले. गाडी येतच राहिली. ती बाजूला उडी मारून गवतात पडली, आणि कॅरव्हॅनचा मागचा कोपरा दगडी डोणीवर आपटला. लाल दिव्याच्या काचेचा चुरा झाला.

क्लिफर्ड उतरला. त्याने आधी दिवा बघितला, मग तिच्याकडे वळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हात का नाही वर केलास?"

"केला होता."

"कुठे केलास? मी बघत होतो की आरशात. हात खाली होते तुझे. लक्ष कुठे असतं हल्ली?"

ग्लेनिस मगात बघू लागली. डोरीन गवतातून उठली. एकतीस वर्षांत हा माणूस असा बोलला नव्हता, म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं असणार. तिने गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि म्हणाली, "असेल बाबा. मला वाटलं मी केला."

त्या एका वाक्याने तिचं आयुष्य पोखरायला सुरुवात केली. डोरीनची आई शेवटी शेवटी केटली कपड्यांच्या कपाटात ठेवायची आणि डोरीनला नर्स समजायची. तीही एकोणसत्तरचीच होती, सुरुवात झाली तेव्हा. आता डोरीन बटाटे सोलता सोलता थबकायची. मीठ घातलं का? दार लावलं का? ती आपले हात वर करून बघायची, एकटी असताना, आरशासमोर, आणि लगेच स्वतःशीच म्हणायची, आत्ता वर केले हे मला उद्या आठवेल का? क्लिफर्ड मात्र समजूतदार झाला होता. कॅरव्हॅन मागे घ्यावीच लागू नये अशा जागा तो शोधायचा, आणि म्हणायचा, "तुझ्यावर ताण नको." तिला त्याची दया यायची. बिचाऱ्याला आता वेडी बायको सांभाळावी लागणार.

जुलैमध्ये ती डॉक्टरकडे गेली. एक नाव आणि पत्ता सांगून लक्षात ठेवायला लावला. शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग कागद पुढे सरकवून डॉक्टरीण म्हणाली, "एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." डोरीनने गोल काढला, खोडला, पुन्हा काढला. चारशे पोरांच्या घंटेवर जिचं आयुष्य गेलं, तिला घड्याळ काढता येतं का, हे तपासत होते. आत जाण्याआधी बाहेरच्या बाकावर क्लिफर्डने तिचा हात हातात धरला होता आणि म्हणाला होता, "काही होणार नाही, डो. मी आहे ना."

तपासणीत काहीच निघालं नाही. त्याने तर ती जास्तच घाबरली. डोकं ठीक आहे, तर मग हात का नाही वर केला?

सप्टेंबरमध्ये ते पुन्हा त्याच शेतावर गेले, या वेळी सरळ आत शिरता येईल अशी जागा मागून. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्ड संडासाची पेटी घेऊन गेला आणि ट्रेव्हर वाटेत भेटला, म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. इकडे बेकन अर्धं कच्चं असताना तव्याखालची ज्योत फुस्स करून विझली. गॅस संपला. डोरीन थोडा वेळ वाट बघत बसली, मग पाना घेतला आणि बाहेर गेली. एवढ्या वर्षांत तिने पुढचा टाक्यांचा कप्पा कधी उघडला नव्हता. झाकण वर केलं, तर आतून चिकटपट्टीने एक कार्ड लावलेलं.

त्यावर चौकोनच चौकोन होते, पोरांच्या गणिताच्या वहीसारखे, आणि मधोमध एक काळा ठिपका. वर छापलं होतं, एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा, रेषा वाकड्या दिसल्या किंवा पुसट झाल्या तर दवाखान्याला कळवा. पुसट झालेल्या भागाची हद्द आखावी तशी ठिपक्याभोवती पेन्सिलीने वर्तुळं काढलेली होती. प्रत्येक वर्तुळाशी तारीख, क्लिफर्डच्या बसच्या फलकावरच्या अक्षरांसारख्या सरळ अक्षरात. फेब्रुवारी, लहानसं. एप्रिल, जरा मोठं. जून, मुठीएवढं. कार्डामागे घडी घातलेलं पत्र होतं. तारीख नऊ फेब्रुवारी. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होतो आहे, आपण गाडी चालवण्याइतकं पाहू शकत नाही, हे परवाना कार्यालयाला कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे.

डोरीन पाना हातात घेऊन ओल्या गवतात उभी राहिली. तिला आधी काय आठवलं असेल? डोणी नाही, दिवा नाही. तिला मच वेनलॉक आठवलं. होप बाउडलर आठवलं. तुझ्या तोंडून ऐकलं की गाव बघितल्यासारखं वाटतं. या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि वर तिच्याकडूनच डोळे उसने घेऊन त्याला प्रेमाचं नाव दिलं होतं. ती चाकाला धरून खाली बसली.

क्लिफर्ड शीळ घालत आला. टेबलावर बेकन नव्हतं, कार्ड होतं. त्याची शीळ थांबली. एवढं त्याला दिसलं.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "हा मोसम संपला की."

"आणि मोसमभर मी वेडी राहणार होते?"

"असं नको ना बोलू."

"त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, क्लिफ. तू बाहेर बसला होतास. माझा हात धरून बसला होतास. तुला माहीत होतं."

"रिपोर्ट चांगलाच आला ना? मग झालं तर. तुझं काय बिघडलं?"

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे निदान चुकून होतं. इथे तर जखमवाल्याने शेजारी बसून मलम लावलेलं बघितलं होतं. डोरीनने चहाचा मग उचलला, आणि तो फेकून मारायचा की प्यायचा हे न कळून परत खाली ठेवला.

"ईस्टरला पोर मागे बसली होती," ती म्हणाली.

तो बाकावर बसला आणि मोठ्या माणसाने रडावं तसा, आवाज न करता रडला. "बस गेली, तेव्हा हे उरलं होतं," तो म्हणाला. "किल्ली गेली की मी खिडकीत बसलेला म्हातारा. मला भीती वाटली गं."

"मलाही वाटली. तीन महिने वाटली. तुझ्या शेजारी झोपून वाटली. एका शब्दाने गेली असती." तिने हात पुढे केला. "किल्ली दे."

"तुला नाही जमायचं. मोटार चालवतेस, पण कॅरव्हॅन कधी ओढली आहेस का तू? मागे केवढं वजन असतं!"

"न दिसता तू सात महिने ओढलीस. मला निदान दिसतं तरी."

त्याने किल्ली दिली.

तासाभरात त्यांनी आवरलं. ग्लेनिस आणि ट्रेव्हर खुर्च्या वळवून बसले, कारण आज डोरीन चालकाच्या जागी बसणार होती आणि हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. जोडायचं म्हणजे मोटार मागे घेऊन मोटारीच्या मागचा लोखंडी गोळा बरोबर कॅरव्हॅनच्या हुकाखाली आणायचा. डोरीन बसते तोच क्लिफर्ड मागे गेला. तिने आरशात बघितलं. त्याने तिचे पिवळे मोजे घातले होते. त्याच्या मोठ्या पंजांवर ते अर्धेच चढले होते.

"मी सांगतो," तो ओरडला. "नाकासमोर दिसत नाही, पण कडेचं दिसतं मला. आणि बाकीचं कानाने कळतं."

तिने गियर टाकला. हळूहळू मागे घेऊ लागली. डावा हात. जरासा उजवा. आणि मग पिवळा तळवा सरळ वर.

डोरीन थांबली. दार उघडून खाली उतरली, मागे चालत गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि बघितलं. गोळा बरोबर हुकाखाली होता, केसभरही इकडेतिकडे नाही. खुर्च्यांतून ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या. पहिल्याच खेपेला! तिला बिचारीला काय माहीत.

क्लिफर्डचा हात अजून वरच होता. "बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," डोरीन म्हणाली. "पण मला उतरून बघावं लागलं, क्लिफ."