बाबांच्या डोळ्याची परीक्षा

बाबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला तेव्हा मला खराडीत नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. गेला म्हणजे दिसायला शाबूत, पण त्यात उजेडही शिरेना. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, आणि माणसाला पत्ता लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. राहिला उजवा. त्यातही काचबिंदू होताच, वर मोतीबिंदू पिकत चाललेला. त्या एका डोळ्यावर बाबा पेपर वाचायचे, गॅस पेटवायचे, वाघोलीतल्या आमच्या फ्लॅटपासून चौकापर्यंत भाजीला जायचे. तो गेला असता तर सगळंच गेलं असतं. आम्हा दोघांनाही हे माहीत होतं, म्हणूनच आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही.

आई नव्हती. त्यामुळे ड्रॉप घालणं, तपासण्यांना नेणं, फाइल सांभाळणं माझ्याकडे. कंपनीत माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढण्याचा मला पगार मिळायचा, आणि त्याचा मला बराच माज होता.

दर सहा महिन्यांनी बाबांची एक तपासणी व्हायची. अंधाऱ्या खोलीत, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. जिथे दिसत नाही तिथे छापील कागदावर काळं येतं. डाव्या डोळ्याचा पहिलाच कागद काळाठिक्कर आला होता. उजव्याचा मात्र दर वेळी जवळजवळ पांढरा. मी तो बघून खूश व्हायचे आणि पंच करून फायलीला लावायचे.

मग मोतीबिंदू इतका वाढला की बाबा पेपर नाकाला लावून वाचायला लागले. मी त्यांना सदाशिव पेठेत काचबिंदूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई साठीच्या, शब्द मोजूनमापून वापरणाऱ्या.

“मोतीबिंदू काढायलाच हवा,” त्या म्हणाल्या. “प्रश्न एवढाच, नुसता काढायचा की त्याच वेळी लेझरही करायचं. त्याच छेदातून बारीक कॅमेरा आत घालून, डोळ्यात पाणी तयार होतं त्या भागावर लेझर मारता येतं. पाणी कमी, दाब कमी. ड्रॉपनी तुमचा दाब आवरत नाहीये. पण डोळा एकच आहे. गरज नसेल तर मी आत जास्त हात घालणार नाही. या मोतीबिंदूतून मला नस नीट दिसत नाही, तेव्हा भिस्त तुमच्या जुन्या कागदांवर.”

मी फाइल पुढे केली. बाई बराच वेळ कागद उलटत राहिल्या.

“एवढा मोतीबिंदू असताना एवढा सुंदर निकाल? माझा स्वतःचा इतका चांगला येणार नाही.”

बाबा सुखावून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोक कागदाच्या कोपऱ्यातल्या एका बारीक आकड्यावर टेकवलं. यंत्र अधूनमधून मुद्दाम दिवा लावतच नाही, माणूस तरीही बटण दाबतो का ते बघतं. बाबांनी दाबलं होतं. प्रत्येक कागदावर, तीन वर्षं. म्हणजे ते कागद रद्दी होते. कोपरा सोडून बाकी सगळा कागद मी वाचला होता.

“आजोबा, परवा पुन्हा तपासणी करू,” बाई म्हणाल्या. “आणि या वेळी कृपा करून पास होऊ नका.”

जिन्यात मी बाबांवर ओरडले. चांगली तावातावाने ओरडले, वर चढणारे दोन पेशंट कठड्याला चिकटून उभे राहिले. “तुम्हाला कळतंय का काय केलंत? डॉक्टरला फसवलंत? मला फसवलंत?”

बाबा कठडा धरून उभे होते. “अगं, ती यंत्रावरची बाई दर वेळी म्हणायची, चला बाबा, परीक्षा द्यायला. आणि परीक्षेत जागा कोरी सोडायची नसते. उत्तर येत नसलं तरी काहीतरी लिहायचं असतं.”

“तुम्हाला दिवे दिसत नव्हते?”

“काही दिसायचे. बाकीचे साधारण ठेक्यात यायचे. टायपिंगच्या परीक्षेत मी ठेका कधी चुकलो नाही.”

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “इथला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ताही पाठ आहे. बाहेर बाकावर बसलं की आतल्या माणसाचं ऐकू येतं. शेवटची ओळ, न, ग, प, म, ट.”

आता हे लिहिताना राग येत नाही, तेव्हा आला. पण तो माणूस कसा घडला ते मला ठाऊक होतं. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली आणि मुलाला शाळेत घालताना एकच सांगितलं होतं, नापास होऊन घरी यायचं नाही. बाबा कधी नापास झाले नाहीत. लेखनिक म्हणून लागले आणि खात्याच्या एकेक परीक्षा देत अधीक्षक होऊन निवृत्त झाले. न दिसलेल्या दिव्याला बटण न दाबण्याचा प्रामाणिकपणा त्यांनी आयुष्यात एकदाच केला होता, डाव्या डोळ्याच्या वेळी, आणि तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या डोळ्यात आता काही उरलेलं नाही. त्यानंतर ते नापास होणार नव्हते. यंत्रापुढेही नाही.

दोन दिवसांनी पुन्हा ती अंधारी खोली. मी हट्टाने आत उभी राहिले. सुरुवातीला टक, टक, टक असा सवयीचा आवाज आला. मी म्हणाले, “बाबा.” आवाज थांबला. मग मधूनच एक टक, आणि पुढे नुसती शांतता. यंत्राची घरघर चालू होती, दिवे कुठेतरी लागत असणार, आणि बाबा दाबत नव्हते. त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. दाबा ना, असं मला ओरडावंसं वाटत होतं. दर क्षणाला कागदावर कुठेतरी काळं होत होतं आणि ते मला ऐकू येत होतं.

कागदाचा वरचा जवळजवळ सगळा भाग काळा आला. कोपऱ्यातला आकडा मी सगळ्यांत आधी वाचला. शून्य.

“लेझर करायचं,” बाई म्हणाल्या. “दोन्ही एकदम. मधला भाग शिल्लक आहे, तो वाचवायचा. गेलेलं परत येणार नाही. आणि एकाच डोळ्यावर काम करताना धोका नाही असं मी म्हणणार नाही.” बाबांनी संमतीपत्रावर सही केली, कागदाच्या अगदी जवळ तोंड नेऊन, नेहमीसारखी खाली दोन टिंबं देऊन.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वंदना म्हणायला सुरुवात केली. नर्सने सांगितलं, आत गेल्यावर ओठ हलवायचे नाहीत, मान हलली तर पंचाईत. बाबांनी तेव्हापासूनच तोंड मिटून घेतलं.

बाहेर नातेवाइकांसाठी भिंतीवर एक टीव्ही होता. आत चाललेलं त्यावर दिसायचं. ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. बाबांचा डोळा टीव्हीभर पसरला होता. बारीक अवजारं आत शिरत होती. पिवळट मोतीबिंदूचे तुकडे होऊन नळीत ओढले जात होते. मी श्वास रोखून बघत होते. बाबांना खोकल्याची सवय होती, सकाळी उठल्यावर दोनदा तरी. खोकू नका, खोकू नका, असं मी पुटपुटत होते. नवी लेन्स आत सरकून उलगडली. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी टीव्ही काळा झाला.

मी ताडकन उठले. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“अहो, टीव्ही बंद पडलाय!”

काउंटरवरच्या बाईंनी मानही वर केली नाही. “बंद नाही पडला. डॉक्टरांनी लेझरचा कॅमेरा घातलाय, तो इकडे दिसत नाही. बसा. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून आतलं काम लवकर होत नाही.”

मी बसले. त्या काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. बाबांनी तीन वर्षं खोटं बटण दाबलं आणि मी तीन वर्षं खूश होऊन कागदाला भोकं पाडली. सहा महिने आधी कोपरा वाचला असता तर त्या वरच्या काळ्यातलं किती वाचलं असतं, हे मी डॉक्टरीणबाईंना कधीच विचारलं नाही. विचारायची भीती वाटते, अजूनही.

डोळ्याला पट्टी बांधून बाबा बाहेर आले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ण अंधारात होते. हात धरून मी त्यांना घरी नेलं, घास भरवला, आणि त्यांनी एकदाही काही विचारलं नाही.

सकाळी बाईंनी पट्टी काढली. बाबांनी डोळा किलकिला केला. पाणी आलं, बाईंनी ते टिपलं. मग बाबा माझ्याकडे बघत राहिले.

“केस पांढरे झालेत तुझे,” ते म्हणाले.

बाईंनी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. बाबांनी एकेक ओळ वाचली, शाळेत धडा वाचावा तशी, मान किंचित वर करून, कारण वरचं त्यांना आता तसंच शोधावं लागणार होतं. अक्षरं बारीक होत गेली. चौथी, पाचवी. सहावीला अडखळले, पण वाचली.

“आणि शेवटची?” बाईंनी विचारलं.

बाबांच्या मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा जरासा हलला. माझ्या डोक्यात ती अक्षरं रांगेने उभी राहिली आणि खोटं नाही सांगत, त्यांनी ती म्हणून टाकावीत असंच मला त्या क्षणी वाटलं.

“शेवटची मला पाठ आहे,” बाबा म्हणाले. “पण दिसत नाहीये.”

बाईंनी मान डोलावली. केसपेपरवर त्यांनी सहाव्या ओळीपर्यंतचं लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.