सरांचे तीन कमिट

बिरू सर तीन कमिट पुश न करताच गेले.

आयुष्यभर "पाठवलंस का?" म्हणून आमचं डोकं खाणारा माणूस!

आज तेरा दिवस झाले.

कोरेगावात खताच्या दुकानावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, त्यातलं एक कायम रुसलेलं. खालून युरियाचा वास. सर माण तालुक्यातले, मेंढपाळ घरातले. त्यांचे वडील, आप्पा, धनगरी ओव्या गायचे.

मी ऊसवाल्याची लेक. जरा आगाऊच.

गिट म्हणजे आपल्या कामाचा एकेक टप्पा जपून ठेवणारा प्रोग्रॅम, इथवर मला कळलं. कमिट म्हणजे तो टप्पा आपल्याच मशीनवर ठेवला, हेही कळलं. रिमोटपाशी गाडी अडली.

"सर, रिमोट म्हणजे वरचं मेन ऑफिस ना?"

"वर काय बी न्हाई, पोरी. ती बी एक प्रतच हाय, दुसऱ्या जागंवरची. तुज्याकडं सगळं, तिच्याकडंबी सगळं. मातर तू पाठवल्याबिगर तिला कळायचं न्हाई."

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

मग मी माती खाल्ली.

सारिका आणि मी मिळून एक प्रोजेक्ट करत होतो. माझा पुश, म्हणजे रिमोटला पाठवलेलं काम, मशीन घेईना, कारण माझ्याआधी सारिकाने तिचं काम पाठवलं होतं. मी कुठूनतरी वाचलेला फोर्स पुश मारला, म्हणजे तिथलं पुसून जबरदस्तीने माझंच बसवलं. मशीनने निमूट घेतला.

सारिकाचं आठ दिवसांचं काम रिमोटवरून साफ गेलं. तिची स्वतःची प्रत त्या रुसक्या मशीनवर, आणि ते आदल्या दिवशीच कायमचं बंद पडलेलं. सोमवारी तिचा इंटरव्ह्यू होता, ह्याच प्रोजेक्टवर.

मी रडायला लागले. सर चिडले. खूप चिडले. मग स्वतःच्या लॅपटॉपवर बसले. सकाळीच त्यांनी रिमोटवरचं सगळं ओढून घेतलं होतं. सारिकाचं काम जसंच्या तसं तिथे होतं.

"आता सारिकाला तूच सांग काय केलंस ते. मी सांगनार न्हाई."

सांगितलं. सारिका दोन दिवस बोलली नाही. नोकरी मात्र तिला लागली.

त्या संध्याकाळी सरांनी चहा मागवला.

"दिवाळी झाली की आमचं आप्पा मेंढरं घिऊन कोकनात उतरायचं. चुलतं दुसरीकडं. दोगांलाबी सगळी ओवी तोंडपाठ. वाटंनं दोगंबी आपापली भर घालायचं. पावसाआदी घरी आलं की आप्पा लगीच गात नसायचं. चुलत्याला म्हनायचं, आदी तुजं ऐकू दे. मग दोगांचं जुळवून गायचं. तू न ऐकताच गायलीस."

आधी फेच, म्हणजे दुसऱ्याचं आणून ऐकणं; मग मर्ज, म्हणजे जुळवणं; मग पुश. पुण्यात आज मी नव्या पोरांना हेच शिकवते, आणि ओवीचीच गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी आप्पा गेले. तेव्हापासून सर रेकॉर्डिंग ऐकून त्यांच्या ओव्या लिहीत होते. अर्थात गिटवर! जतच्या चुलतभावाला, त्याच चुलत्यांच्या मुलालाही, फोनवरून शिकवून त्यात ओढलं होतं.

परवा काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला.

"रेश्मा, ह्यांचा लॅपटॉप भाच्याला द्यायचा हाय. त्यो म्हंतोय सगळं पुसून घेतो. तुजं काय हाय का त्यात?"

"काकू, कुणाला हात लावू देऊ नका. मी निघाले."

लॅपटॉप उघडला. तीन कमिट रिमोटच्या पुढे, म्हणजे न पाठवलेले. शेवटच्यावर सरांनी लिहिलेलं: "आप्पांची ओवी, शेवटचा भाग. दोनदा ऐकला. आता बरोबर."

रेकॉर्डिंगचा फोन सरांच्या आजारपणातच बिघडला होता. म्हणजे ओवीचा हा शेवटचा भाग जगात फक्त त्या लॅपटॉपवर.

पुश केलं. मशीनने नाकारलं. चुलतभावाने मधल्या काळात चार ओळी घातल्या होत्या.

मला हसू आलं आणि रडूही.

फेच केलं. त्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"ह्या आमच्या चुलत सासऱ्यांच्या. ऱ्हाऊ देत."

दोघांचं जुळवलं. एकही ओळ गाळली नाही. मग पुश केलं.

"गेलं का?" काकूंनी विचारलं.

"गेलं."

"पोचलं का बग. ह्ये बी नेमी बगायचं."

मी माझ्या लॅपटॉपवर नवी प्रत उतरवून घेतली. उघडली. आप्पांची ओवी शेवटच्या ओळीपर्यंत होती.

सर, तुमच्यामुळे माझ्या हातून एका मैत्रिणीची नोकरी जाता जाता वाचली. माझं पोट आजही तुम्ही शिकवलेल्यावर चालतं. थँक यू म्हणायचं राहून गेलं होतं, ते आज सगळ्यांसमोर म्हणते.

आणि तुमचं राहिलेलं पाठवलंय.

पोचलं, सर.

निवांत जा. नमस्कार.