कमळ धवलारीण

जयवंत परबाने आयुष्यात मोडतोड पुष्कळ केली होती. पण नुसता एक माइक इथून उचलून तिथे ठेवला आणि अख्खं मढ गाव एकमेकांच्या अंगावर धावून गेलं, असं त्याच्या हातून एकदाच झालं. पासष्ट-सहासष्ट साल असेल.

जयवंत मूळचा वेंगुर्ल्याकडचा. वडील गिरणीत होते. जयवंतला गिरणीचा आवाज सोसेना, म्हणून त्याने अंधेरीला लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा काढला. यात काही विनोद आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, ट्रकची जुनी बॅटरी आणि एक माइक एवढा त्याचा संसार. माइक तो टॉवेलात गुंडाळून कडेवर घ्यायचा. वेसाव्याहून होडीने मढला जाताना सहप्रवासी कोळणी विचारायच्या, ‘‘पोर आजारी हाय का रं?’’

त्या दिवशी तो महादू कोळ्याच्या मुलीच्या, प्रेमाच्या, लग्नासाठी आला होता. आज हळद, उद्या लग्न. कोळ्यांच्या लग्नात भटजीबुवा असले तरी ते कडेला बसून घड्याळ बघतात. खरा मान धवलारणीचा. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. तांदूळ निवडायचा एक धवला, हळद दळायचा दुसरा, मुंडावळ्या बांधायचा तिसरा. तो गायला गेला नाही तर तो विधी झालाच नाही. धवल्याशिवाय दळलेली हळद मसाल्याच्या डब्यात टाकायची, नवरीच्या गालाला लावायची नाही.

मढची धवलारीण सोनूबाई. जयवंतने माइक तिच्यासमोर मांडला, बटण फिरवलं आणि कान टवकारले. भोंग्यातून धवला येईना. भोंग्यातून सोनूबाईचा श्वास आला, मग खाकरणं आलं, मग दाढेखाली सुपारी फुटल्याचा असा आवाज आला की दारातलं कुत्रं उठून पळालं. धवला मात्र चाललेला होता. भरदार, खणखणीत आणि भोंग्याच्या मदतीशिवाय. जयवंतच्या धंद्याचा हा अपमान होता. त्याने डोळे मिटले, मान वाकडी केली, आवाजाचा माग काढत काढत माइक उचलला आणि सोनूबाईच्या मागे पानाचा डबा घेऊन बसलेल्या तिच्या भाचीपुढे नेऊन ठेवला.

भोंगे एकदम भरून आले. जयवंत खूश झाला. त्याने डोळे उघडले तेव्हा मांडवातलं प्रत्येक डोकं त्याच्या माइककडे वळलं होतं. भाचीचं तोंड धवल्याच्या मध्यावर उघडं राहिलं होतं. धवला थांबला, पुढे बसलेल्या सोनूबाईचे ओठ मात्र आणखी थोडा वेळ हलत राहिले.

‘‘अगो बाई, थांबलंस कित्याक?’’ जयवंत म्हणाला. ‘‘आता तर बरा येता!’’

हळद लागून गेली होती, पण मांडवात एकदम आरडाओरडा सुरू झाला, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. एवढ्यावरून गावात भांडण का व्हावं, हे त्याला कळेना. महादूने त्याला मांडवाच्या खांबाआड ओढून दबक्या आवाजात सांगितलं. ती भाची, कमळ, जन्मली ती हरेश्वर म्हणून. बाप धर्मा तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान. पोरगा मिसरूड फुटेपर्यंत बापाबरोबर समुद्रावर जायचा. मग एका शिमग्याला, बायका नटवलेली मडकी डोक्यावर घेऊन होळीकडे निघाल्या, तेव्हा त्या रांगेत लुगडं नेसून, मडकं घेऊन तोही चालू लागला. गाव हसलं. शिमगाच होता. पण दुसऱ्या दिवशी लुगडं उतरलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ‘माझं नाव कमळ’ म्हणाली. सकाळी नेहमीप्रमाणे मचव्याकडे गेली, तर धर्माने सगळ्या खलाशांदेखत एकच वाक्य सांगितलं, ‘‘माझ्या मचव्यावर बाईमानूस चढत नाय.’’ मचवा गेला. त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोललेला नाही. आत्याने तिला घरात घेतलं.

‘‘मगे प्रश्न काय?’’ जयवंत म्हणाला. ‘‘बापूस म्हणता बाई. ती म्हणता बाई.’’

‘‘बाजारात बाई चालतं रं,’’ महादू म्हणाला. ‘‘पाटी घेऊन बसते, बोंबील विकते, आमच्या बायकांशी भांडते. भांडान लागलं की त्या हरेश्वर बोलतात, भांडान मिटलं की कमळ. पन मांडवात? धवलारीण? तिच्या हातानं लेकीला हळद? तसं कदी झालं नाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी, वऱ्हाड यायच्या आधी, मांडवात बैठक बसली. जयवंतला परत जायचं होतं, पण महादूने बॅटरी घरात ठेवून कुलूप घातलं होतं. ‘‘तू सुरू केलंस, तू थांब.’’ म्हणून तो मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चकरा मारत होता. एका वायरीला तो चार वेळा अडखळला, आणि चारही वेळा ती त्याचीच वायर होती.

सगुणा सुईण पहिली बोलली. ‘‘मी काढलं हाय त्याला. या हातांनी. मी बघितलं ते बघितलं.’’

‘‘काय बघितलंस ते आमाला बी ठाव हाय,’’ मागून एक म्हातारी म्हणाली. ‘‘तुजा नवरा बी तसाच जन्मला, पन घर कोन चालवतंय?’’

मांडव हसला. सगुणा हसली नाही.

नवऱ्याकडचे एक पाहुणे, चंद्रप्रकाश, वऱ्हाडाच्या आधीच येऊन पोचले होते; ते मालाडला डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांनी चष्मा पुसला. त्यांचं म्हणणं, ही गोष्ट शास्त्राची आहे. शरीरात ग्रंथी असतात, ग्रंथींतून रस येतो, रसावरून ठरतं. ‘‘मंग रस बघून सांगा,’’ महादू म्हणाला. ते म्हणाले, तसं बघता येत नाही. शिवाय शरीर एक सांगतं आणि माणूस दुसरंच सांगतो, अशी माणसं डॉक्टरांकडे येऊन गेली आहेत. ‘‘मंग डॉक्टर काय बोलला?’’ ‘‘डॉक्टर म्हणाले, पुढचा पेशंट पाठव.’’ इथे शास्त्र संपलं.

कमळ जात्यापाशी बसली होती. काल हळद दळली ते जातं. खुंट्याला हात होता, पण फिरवत नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की आज तिला मांडवाबाहेर काढलं, तर मढमध्येच नव्हे, मनोरीपर्यंत कुठल्या मांडवात तिला कोणी घेणार नाही. आत्याने लहानपणापासून गळ्यात उतरवलेले सगळे धवले मग तिने कोणासाठी म्हणायचे? बोंबलांसाठी?

आता पाटलांनी निवाडा द्यायला घसा साफ केला. ‘‘गावाची रीत हाय. धवला बाईनंच गायाचा. म्हनून काल झाली ती हळद झाली नाय. वेसाव्याची धवलारीण बोलवा, पुन्ना हळद करा.’’

‘‘पाटील,’’ सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज फाटक्या सुपाचा. ‘‘माजा गला जाऊन दोन वरसं झाली. तवापासून मी पुढं बसून तोंड हलवते. गाते ती ही.’’

पाटलांना हे नीट कळायला जरा वेळ लागला. आधी बायकांना कळलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गेल्या वर्षीचं नंदूचं लग्न, त्याआधी वनमालाचं, आणि मधे, अक्षय्य तृतीयेला...

‘‘आमच्या पोराचं?’’ पाटील म्हणाले.

‘‘तुमच्या पोराचं,’’ सोनूबाई म्हणाली. ‘‘लय चांगला गायली ती त्या दिशी.’’

पाटलांची सून नातवाला कडेवर घेऊन मागेच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. पाटलांनी नातवाकडे पाहिलं. नातवाने पाटलांकडे पाहिलं आणि लाळ गाळली. हे लग्न झालंच नाही असं म्हणायचं, तर त्या लाळेला काय म्हणायचं, हा पेच त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

‘‘मी नाय धुनार,’’ आतून नवरीचा आवाज आला. प्रेमा दारात आली होती. पिवळी, वैतागलेली. ‘‘काल लागली ती हळद मी धुनार नाय. आन वेसाव्याच्या बाईला इथलं निम्मं येत नाय, तुमाला ठाव हाय.’’

तरी पाटील मान हलवत राहिले. मागचं मागे, म्हणाले. आता कळल्यावर कसं चालेल? आज कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

‘‘धर्मा सांगल,’’ सोनूबाई म्हणाली.

धर्मा तांडेल मांडवाबाहेर उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता. लाल टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत होता.

‘‘तुजा पोरगा असंल,’’ सोनूबाई भावाला म्हणाली, ‘‘तर उद्या पहाटे मचव्यावर ने. जाळ्याला हात लावू दे. नेतंस?’’

जयवंत चकरा मारायचा थांबला. कमळने जात्याचा खुंटा घट्ट धरला. बापाने काय म्हणावं असं तिला वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. सुटल्यासारखंही नव्हतं आणि अडकल्यासारखंही नव्हतं. फार तर राग होता. आपल्याबद्दल चाललेलं हे सगळं ती गुमान ऐकत होती आणि तिला कोणी एक शब्द विचारलेला नव्हता.

धर्माने टोपी डोक्यावर ठेवली.

‘‘माझ्या मचव्यावर बाईमानूस चढत नाय,’’ तो म्हणाला.

तेच वाक्य. तोच घोगरा आवाज. पण मागच्या वेळी तो बोलून समुद्राकडे निघाला होता. या वेळी तो तिथेच उभा राहिला.

मग पाटील म्हणाले, ‘‘तांडेल बोलला तर बोलला.’’ त्यांना बहुधा नातवाची काळजी जास्त होती. सगुणा सुईण पुटपुटत उठली आणि जाऊन बायकांत बसली. महादू बॅटरी आणायला धावला.

‘‘जयवंता, माइक लाव. आन या टायमाला नीट जागेवर लाव.’’

कमळने लगेच गायला सुरुवात केली नाही. आधी तिने पदर सारखा केला, पाणी मागितलं, दिलेलं पाणी कोमट आहे म्हणून परत केलं. तिला चिडायला थोडा वेळ हवा होता; तेवढा मांडवाने दिला. मग सोनूबाईने पानाचा डबा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि ती सरकून मागे बसली. कमळ पुढे आली. मुंडावळ्यांचा धवला सुरू झाला, तेव्हा जयवंतने सवयीने आवाज वाढवायला बटणावर हात ठेवला, आणि थोडा कमीच केला.

धर्मा शेवटपर्यंत बाहेर होता. पाठ करून.

संध्याकाळी जयवंत सामान घेऊन धक्क्यावर निघाला. एक भोंगा कमळने उचलला, पाटी उचलावी तसा, डोक्यावर. धवलारणीच्या मानाचं नवं लुगडं तिच्या काखेत होतं. चालताना ती मध्येच गुणगुणत होती, मध्येच कोणाला तरी शिव्या घालत होती. जयवंतला मात्र चैन नव्हतं. दिवसभर सुईणीने सांगितलं, कंपाउंडरने सांगितलं, पाटलाने, बापाने सांगितलं, आणि त्याच्या डोक्यात अजून भोंग्यासारखी शिट्टी वाजत होती. होडीत पाय टाकता टाकता त्याला राहवलं नाही.

‘‘कमळ, रागवू नको हां. सगळ्यांनी आपापला सांगितला, आता तू माका एकदा सांग. तू नक्की कोण गो?’’

कमळने भोंगा डोक्यावरून उतरवून धाडकन होडीत टाकला.

‘‘काल माइक माज्याम्होरं ठेवलास, तवा इचारलं व्हतंस काय रं?’’