सोपानचा बोळा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची तोफखान्याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, काश्मीरमध्ये होती. मी निमगाव साव्याचा, लान्स नाईक. सोपान अवसरी खुर्दचा, नाईक, माझ्याहून एक पायरी वर. जुन्नर आणि आंबेगाव शेजारचे तालुके. परमुलखात तेवढं नातं पुरतं. तो मला ‘पावणं’ म्हणायचा. एकाच तोफेवर आम्ही शेजारी उभे असायचो.

एकदा फायरिंग चालू असताना माझ्या डाव्या कानातला प्लग निसटला. दुखलं नाही, रक्त आलं नाही, ऐकू नीट येत होतं. पुढे मेडिकलला डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी कान तपासला.

"पडद्याला भोक आहे. बारीक आहे, बहुधा आपोआप भरेल. तोवर कान कोरडा ठेव. डुबकी नाही, तेल नाही, काडी घालायची नाही. पाणी वाहिलं तर लगेच ये. आणि भरेपर्यंत तोफेवर नाही."

"सर, मला काहीच त्रास नाही."

"म्हणूनच सांगतोय. त्रास नसला की माणूस विसरतो."

आयला! धडधाकट गडी आणि स्टोअरला बसून ब्लँकेटं मोजतोय. लई चिडलो. सोपान मात्र रोज आंघोळीआधी हजर. कापसाला व्हॅसलीन चोळून बोळा पुढे करायचा.

"घाला, पावणं. लवकर भरू द्या. तुमच्याबिगर तोफेवर करमंना."

मधे तो सुट्टीवर घरी जाऊन आला. त्यानंतरच्या तपासणीत साहेब म्हणाले, "भरत आलंय. आणखी महिनाभर."

त्याच आठवड्यात आमच्या तोफेवर गोळा पडला. मी स्टोअरच्या वायरलेस सेटवर ऐकत होतो. आमची तोफ एक नंबरची.

"वन, रिपोर्ट."

"वन. एक कॅज्युअल्टी. नाईक सोपान."

"हालत?"

सेट खरखरत राहिला. मग आवाज आला, "नाही राहिला, सर."

महिन्याने पडदा भरला. मी तोफेवर परतलो. शेजारी नवा जवान होता, चांगला होता. मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो.

दिवाळीच्या सुट्टीत अवसरीला सोपानच्या आईकडे मुक्कामाला गेलो. आमच्याकडे पहिल्या आंघोळीला आई अंगाला तेल लावते आणि शेवटी कोमट तेलाचे थेंब कानात सोडते. म्हातारीनं मला पाटावर बसवलं, डोकं चोळलं. वाटी कानाशी आली. भरला तरी तेल घालू नकोस, असं साहेबांनी बजावलं होतं. पण त्या माउलीला नाही कसं म्हणायचं? मी डोळे मिटले.

तिनं वाटी खाली ठेवली आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. आत व्हॅसलीन लावलेला बोळा.

"सोपान सुट्टीला आला तवा सांगून गेला व्हता. दिवाळीला पावण्याला घिऊन येतो, म्हनला. पावण्याच्या कानात तेल घालू नगं, बोळा घाल. लई बजावलं व्हतं त्यानं."

कान बरा झालाय, हे मी बोललो नाही. तिनं बोळा बसवला, मग डोक्यावर पाणी ओतलं. मी रडलो. पाण्यात कुणाला कळतंय.

आता म्हातारीही गेली. कान ठणठणीत आहे. तरी रोज आंघोळीआधी बोळा घालतो. बायको म्हणते, आता कशाला? नाईक सोपानची ऑर्डर आहे. मागे घ्यायला तो आलेला नाही.