सारामावशींचं दोन कानांचं भांडं

आता स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने काय सांगायची? पण सांगते. नाहीतर मोठीआई सांगेल, आणि ती मीठमसाला लावून सांगेल!

झालं असं, की मला ठाण्याच्या कॉलेजात एम.ए.ला प्रवेश मिळाला, पण हॉस्टेल नाही. शिबिरात भेटलेली माझी मैत्रीण एस्तेर म्हणाली, "आमच्याकडे राहा ना!" बाबांची अट एकच, "तिची आई स्वतः हो म्हणाली, तरच." एस्तेरची आई, म्हणजे सारामावशी, नागपूरला लग्नाला येणार होत्या. परतताना बोरगाव मेघेला आमच्याकडे जेवायला थांबायचं ठरलं. म्हणजे माझं अख्खं ठाणं त्या एका जेवणावर!

एस्तेरकडचे ज्यू. मूळ कोकणातले, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. चार दिवस मी मोबाइलवर वाचून घरच्यांचे वर्ग घेतले. मांस आणि दूध त्यांना एकत्र चालत नाही, म्हणून साधा शाकाहारी स्वयंपाक. मोठीआईला, म्हणजे बाबांच्या वहिनीला, तर सक्त ताकीद.

"तू काई बोलजो नोको. तुले काई माहीत नाई."

"बरं माय," ती म्हणाली. "तूच बोल."

बोललेच की!

मावशी आल्या. ताटं वाढली, तशी त्यांनी पिशवीतून एक चकचकीत तांब्याचं भांडं काढलं. पेल्यासारखं, पण दोन्ही बाजूंना कान. हुबेहूब ट्रॉफी!

"अय्या मावशी, गिफ्ट कशाला आणलं?"

"अगं, ते..."

"किती सुंदर आहे!" म्हणत मी ते शोकेसमध्ये नेऊन ठेवलंसुद्धा. माझ्या वक्तृत्वाच्या कपाशेजारी.

मोठीआई पुटपुटली, "अवं, त्याईले बोलू त दे."

मी डोळे वटारले.

मावशी शोकेसपाशी आल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, ते मला हात धुवायला लागतं. पोळी खाण्याआधी."

माझे कान त्या तांब्यापेक्षा लाल! भांडं परत दिलं. मावशींनी अंगठी काढली, भांडं भरलं, उजव्या हातावर दोनदा पाणी घेतलं, मग डाव्या हातावर दोनदा. काहीतरी पुटपुटल्या, हात पुसले, ताटावर येऊन बसल्या. आणि एकदम गप्प!

"मावशी, गार पाणी देऊ?"

गप्प.

"रागावलात का?"

नुसती मान हलली. स्टेशनपासून अखंड बोलत आलेली बाई हो ही! मावशींनी ताटाकडे बोट दाखवलं. बघते तर पोळीची कड करपलेली.

"सॉरी, सॉरी! दुसरी आणते!" मी ताटच उचललं.

"ऊं! ऊं!" मावशींचा हात ताटामागे धावला. झालं! आता तर जेवायलाही नकार! बाबांनी हातातला घास खाली ठेवला. गेलं माझं ठाणं!

मी मोठीआईवर फुटले, "तुह्यामुळं झालं हे! करपलेली पोळी वाढतेस पाव्हण्याले?"

"मी त तोंडबी उघडलं नाई!"

"मग त्या काऊन बोलून नाई राह्यल्या?"

मोठीआईने शांतपणे माझ्या हातातलं ताट घेतलं आणि मावशींपुढे ठेवलं. मावशींनी पोळी हातात धरून प्रार्थना म्हटली, तुकडा मिठाला लावून तोंडात टाकला, आणि हुश्श केलं.

"हात धुतल्यावर पहिला घास पोटात जाईपर्यंत बोलायचं नसतं गं आमच्यात!"

मी मोठीआईला विचारलं, "तुले कसं समजलं?"

"तुहे मोठेबाबा जल्मभर मौन धरून जेवले. भुकेल्या मौनी मान्साचं तोंड मले वयखू येते. त्याच्यापुढून ताट कोन उचलते?"

बाबांनी मावशींना विचारलं, "ताई, मग पोरीचं काय ठरवलं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे. "येऊ दे की. फक्त असंच एक भांडं तिच्यासाठीही आणते. तेवढाच वेळ घरात शांतता."

"मंग ताई," मोठीआई म्हणाली, "पोयी वाढाची घाई नोका करू."

आता मी ठाण्यात आहे. हात धुऊन ताटावर बसले आहे. एस्तेर आत्ताशी कणीक मळायला घेते आहे. म्हणून तर हे सगळं तुम्हाला लिहून सांगावं लागतंय!