वीस तारखेची दंडार

तारीख १४ नोव्हेंबर १९९९, रविवार. रक्कम दोन हजार रुपये, ॲडव्हान्स. हजर तिघे: मी, गोविंदाभाऊ आणि त्यांची बायको जनाबाई. जागा, सिंदेवाहीपासून अकरा किलोमीटर आतल्या एका गावातली त्यांची ओसरी. नोटा खाटेवर पडल्या होत्या आणि कोणी उचलत नव्हतं.

माझं वरोऱ्याला ट्रॅव्हल्सचं छोटं ऑफिस होतं. पुण्याच्या एका हौशी मंडळाने दोन दिवसांची सांस्कृतिक सहल मागितली होती. चोवीस माणसं. पहिल्या दिवशी खेड्यातली दंडार, मुक्काम सिंदेवाहीला, दुसऱ्या दिवशी मार्कंड्याची देवळं, परत नागपूर. दंडार म्हणजे झाडीपट्टीतला नाच-गाण्याचा आणि सोंगांचा खेळ. पुरुषच लुगडी नेसून बायकांची कामं करतात. गोविंदाभाऊंचा बारा जणांचा संच होता. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे. सगळे शेतकरी.

"शेखभाऊ, वीस तारखेले नाई जमत," गोविंदाभाऊ म्हणाले. "आठ जनायच्या कडपा वावरात राह्यतीन. पंधरा दिवस पुढं ढकला. मंग रोज नाचतो."

कडपा म्हणजे कापून बांधीतच, बांध घातलेल्या वावरातच, पसरून ठेवलेलं धान. त्याला तीन-चार दिवस ऊन द्यायचं, मग भारे बांधून पुंजणा, म्हणजे गंजी, रचायचा. पुंजणा रचला की पाऊस आला तरी आतलं धान वाचतं. तोवर ते उघड्यावर असतं.

"मग कापणीच पुढे ढकला," मी म्हणालो.

जनाबाई हसल्या. "धान का तुमची गाडी हाये, थांब म्हटलं की थांबाले? पिकलं की दाना झडते."

मी सिंदेवाहीला येऊन एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. मंडळाच्या लिमये मॅडम म्हणाल्या, "शेखसाहेब, चोवीस जणांची रिझर्व्हेशन्स आहेत. रजा मंजूर झाल्यात. तारीख बदलली तर सहल रद्द."

मी परत गावात गेलो. या धंद्यात माझी ख्याती आकड्यांची होती. कागद घेतला आणि गोविंदाभाऊंसमोर हिशोब मांडला. एक दिवस प्रॅक्टिस, एक दिवस खेळ. सहा हजार रुपये, बारा माणसं, माणशी पाचशे. दोन दिवसांची मजुरी शंभर. म्हणजे पाचपट.

हिशोब बरोबर होता. त्यात फक्त मजुरी धरली होती, पीक धरलं नव्हतं. मी वरोऱ्याचा, कापसाच्या मुलखातला. आमच्याकडे वेचणीला चार दिवस उशीर झाला तरी कापूस बोंडात राहतो. धानाचंही तसंच असेल, असं मी धरून चाललो होतो.

गोविंदाभाऊंनी कागद घडी करून खाटेवर ठेवला. "पुन्याहून मानसं आमची दंडार पाहाले येऊन राह्यली," ते बायकोला म्हणाले. "इथी तं आता पोट्टेबी नाई पाहत."

"मंग नाचा," जनाबाई म्हणाल्या आणि नोटा उचलून आत गेल्या.

वीस तारखेला सकाळी अकराला मी गावात पोचलो. आभाळ आलं होतं. माझ्या आयटिनररीत, म्हणजे सहलीच्या वेळापत्रकात, खेळ दुपारी तीनला होता. तेव्हा त्या भागात अंधार पडल्यावर जंगलातून गाडी न्यायची नाही, असं आम्हाला सांगितलेलं असे. त्यामुळे रात्रीचा खेळ मी भरदिवसा बसवला होता.

संच शाळेच्या ओट्यावर जमला होता. गोविंदाभाऊ जवळ आले. "शेखभाऊ, आभाळ पाहा. आमाले सोडा. सारे मिळून गेलो तं तीन घंट्यात भारे बांधून होतात."

मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. तीन तास म्हणजे अडीच. मग तोंडं रंगवायची, लुगडी नेसायची, त्याला एक तास.

"गाडी तीनला येणार. लवकर आली तर?"

"आमचं धान वल्लं झालं तं?"

"भाऊ, तुम्ही शब्द दिला आहे."

ते वळून रंगाच्या डब्याकडे गेले. जनाबाईंनी गावातल्या पाच-सहा बायका गोळा केल्या. माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, "यायले नाचू द्या. मी जातो वावरात."

तीन वाजले. गाडी आली नाही. साडेतीन झाले. बारा माणसं तोंडाला पावडर लावून, लुगडी नेसून, बांगड्या भरून ओट्यावर बसली होती. कोणी विडी ओढत होतं. सगळे वर पाहत होते. ढोलकीवाला मारोती म्हणाला, "भाऊ, तुमची गाडी पुन्याहून पायी येऊन राह्यली का?" कोणी हसलं नाही. गाडीत फोन नव्हता. मला काही कळायला मार्ग नव्हता.

गाडी चार वाजून वीस मिनिटांनी आली. वाटेत नागभीडला चहा आणि फोटो झाले होते. साडेअकरापासून चार-वीसपर्यंत किती वेळ होतो ते मी तिथेच मोजलं. चार तास पन्नास मिनिटं. भारे बांधून, रंगून, वर वाट पाहायलाही ते रिकामे झाले असते.

खेळ सुरू झाला. चांगला झाला, हे खोटं सांगणार नाही. गोविंदाभाऊ वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गिरकी घेत होते आणि पुण्याची मंडळी टाळ्या वाजवत होती. वीस मिनिटांनी थेंब पडायला लागले. पाहुणे शाळेच्या व्हरांड्यात सरकले. संच उघड्यावर नाचत राहिला.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा पाऊस नीट लागला होता. लिमये मॅडम माझ्याजवळ आल्या. "शेखसाहेब, हे शेवटचं पुन्हा एकदा होईल का? आमचे लोक कॅमेऱ्याचा रोल बदलत होते."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी गोविंदाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मारोतीला खूण केली. सात मिनिटं.

मग ते बाराही जण लुगड्यांचे ओचे खोचून वावराकडे पळाले. पाहुण्यांना तो खेळाचाच भाग वाटला. काहींनी फोटो काढले.

पाऊस दोन दिवस पडला. बायकांनी तिसरा हिस्सा उचलला होता. बाकीच्या कडपा पाण्यात राहिल्या. आठवड्याने मी गेलो तेव्हा लोंब्यांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते. गोविंदाभाऊंना दोन एकरांत चोवीस क्विंटल व्हायला हवे होते. नऊ झाले, तेही काळे. आठ घरांचं नुकसान प्रत्येकी तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंत.

मी पुण्याला फोन केला. मॅडमना खरंच वाईट वाटलं. पण म्हणाल्या, "तुमच्या कोटेशनमध्ये हे नव्हतं हो." नव्हतंच. कोटेशन माझं होतं.

सहलीत मला सात हजार दोनशे सुटले होते. घरी बायकोला हिशोब दाखवला. तिने विचारलं, "उनका नुकसान कितना?" आकडा सांगितल्यावर तिने कागद परत दिला. दुसऱ्या दिवशी मी ते सात हजार दोनशे घेऊन गावात गेलो. गोविंदाभाऊ बाहेर आले नाहीत. मी पैसे जनाबाईंपुढे धरले.

"हे कायचे?"

"नुकसानीचे."

"कोनाच्या?"

"सगळ्यांच्या."

"मंग साऱ्यायच्या घरी जाऊन द्या. मले एकलीले देऊन मोकळे नका होऊ."

मी आठ घरं फिरलो. प्रत्येक दारात पैसे कशाचे ते सांगावं लागलं. मारोतीने मोजून घेतले आणि म्हणाला, "आमी आता दंडार बंद केली, भाऊ. पुन्हा पुन्याचं कोनी आनू नका."

त्यानंतर मी अनेक सहली केल्या. तारीख आधी गावाला विचारतो, मग गिऱ्हाइकाला सांगतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात. ती जाऊ द्यावीत.

अखेरीस दिलेली रक्कम अशी: ठरल्याप्रमाणे सहा हजार, संचाला, गोविंदाभाऊंच्या हाती. नुकसानीपोटी सात घरांना प्रत्येकी नऊशे, म्हणजे सहा हजार तीनशे. आठव्या घराला कुलूप होतं. धान गेल्यावर ती माणसं नागपूरकडे कामाला गेली होती. त्यांचे नऊशे मी जनाबाईंकडे ठेवले. त्या म्हणाल्या, "आले तं देईन." ती माणसं परत आली की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी गेलो नाही.